भुकटीची जागा

पहिल्या पावसानंतर मुंग्या बिळातून बाहेर पडल्या की खानदेशात घरोघरी पावडर टाकायला सुरुवात होते. उंबरठ्यावर पांढरी रेघ, भिंतीच्या कडेने राखाडी पट्टा, मोरीच्या तोंडाशी चिमूटभर, गोठ्यात मूठभर. धुळे शहरातल्या जुन्या वस्त्यांपासून साक्री तालुक्यातल्या पाड्यांपर्यंत आणि शिरपूर-चोपड्याकडच्या केळी-कापसाच्या गावांपर्यंत ही रीत सारखीच आहे. पावडर कोणती, कोणत्या किडीसाठी, किती आणि कुठे टाकायची, हे चार प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. या विषयावर बोलणारी माणसे दोन टोकांना उभी असतात. विषाशिवाय कीड हटत नाही, असे काही म्हणतात. विष घरात येताच कामा नये, असे बाकीचे म्हणतात. मला हा वाद चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. कीटकनाशक भुकटी हे घरातल्या किडींवरचे अतिशय नेमके साधन आहे आणि नीट वापरले तर ते फार थोड्या विषात काम करते. पण तिची जागा फट, बीळ आणि पोकळी ही आहे. माणसे जिथे चालतात, जेवतात, झोपतात, त्या जमिनीवर ती पसरली की कीड मारण्याचे तिचे सामर्थ्य घटते आणि माणसाला होणारा अपाय वाढतो. भुकटी वापरावी की नाही, यापेक्षा ती कुठे आणि कोणत्या माहितीच्या आधारावर वापरावी, हा खरा प्रश्न आहे.

भुकटी काम कशी करते हे कळले की तिची जागा आपोआप ठरते. झुरळ किंवा मुंगी भुकटीवरून चालते तेव्हा बारीक कण तिच्या पायांना आणि मिशांना चिकटतात. कीटक मिशा आणि पाय तोंडाने साफ करत राहतो, त्यामुळे कण पोटात जातात. काही विषे कातडीवाटेही आत शिरतात. मुंगी ते कण वारुळात घेऊन जाते आणि कधी बाहेरही न पडणाऱ्या मुंग्यांपर्यंत पोचवते. डायटमची माती किंवा बारीक सिलिका यांसारख्या काही भुकट्यांत तर रासायनिक विष नसतेच. कीटकाच्या अंगावर ओल राखणारा मेणाचा पातळ थर असतो. हे कण तो थर शोषतात, खरवडतात आणि कीटक कोरडा पडून मरतो. धान्यात राख मिसळण्याची आपली जुनी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. यातून दोन गोष्टी निघतात. भुकटी कोरडी राहील तोवरच कामाची असते. ओल लागली की तिचे ढेकूळ होते आणि कण कीटकाला चिकटत नाहीत. आणि कोरड्या, बंद, वारा न लागणाऱ्या जागेत ती महिनोन्महिने टिकते. वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या धुळ्यासारख्या कोरड्या जिल्ह्यात तिचा हा गुण विशेष उपयोगी पडतो.

खानदेशातले धाब्याचे जुने घर पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. जाड मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, वर मातीचे धाबे. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे सांद राहते. दाराची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये उन्हाळ्यात चीर पडते. उंबरठ्याखाली, कोनाड्याच्या फळीमागे, चुलीजवळच्या पोपड्यांत पोकळ्या असतात. झुरळांचा दिवसाचा मुक्काम, मुंग्यांची वाट, वाळूमाशीची अंडी हे सारे या जागांत असते. द्रवरूप औषध अशा भिंतीवर मारले तर माती ते पिऊन टाकते. मलेरियाविरोधी मोहिमेत मातीच्या भिंतींसाठी डीडीटीची पाण्यात कालवायची भुकटी वापरली जाई, ती याच कारणाने. पाणी भिंतीत मुरे आणि विषाचे कण पृष्ठभागावर राहत. कोरडी भुकटी याच्याही पुढे जाते. बारीक नळीच्या दाबायच्या बाटलीत तिसऱ्या हिश्शापर्यंत भुकटी भरायची, नळीचे टोक चिरेत घालायचे आणि बाटली हलकेच दाबायची. जेमतेम दिसेल न दिसेल इतका पातळ थर आत बसतो. नंतर ती चीर मातीने किंवा सिमेंटने लिंपून घेतली की विष भिंतीत राहते आणि माणसे बाहेर. एका खोलीला एवढ्यात जितकी भुकटी लागते, तिच्या कितीतरी पट आपण एका उंबरठ्यावर ओततो.

सार्वजनिक आरोग्याचा इतिहासही याच बाजूने बोलतो. प्लेगच्या बंदोबस्तात एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो: आधी पिसू, मग उंदीर. उंदीर आधी मारले तर थंड पडलेल्या अंगावरून पिसवा उतरतात आणि माणसाकडे वळतात. म्हणून उंदरांच्या बिळांच्या तोंडाशी आणि त्यांच्या वाटेवर कीटकनाशक भुकटी टाकायची. उंदीर ती अंगावर घेऊन आत जातो आणि पिसवा बिळातच मरतात. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसांनी सुरत सोडली. सुरत हे खानदेशातल्या कष्टकऱ्यांचे दुसरे घर असल्याने ती भीती इथल्या गावांनाही शिवली. अशा वेळी बिळाच्या तोंडाशी पडलेली भुकटी किती मोलाची असते, हे वेगळे सांगायला नको. दुसरा दाखला अगदी अलीकडचा आहे. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात सापडलेला आणि त्याच गावाचे नाव मिळालेला विषाणू वाळूमाशीमुळे पसरतो आणि मुख्यतः लहान मुलांच्या मेंदूवर हल्ला करतो. २०२४ च्या पावसाळ्यात खानदेशाला लागून असलेल्या गुजरातमध्ये त्याची साथ आली, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने कच्च्या घरांमध्ये मॅलॅथिऑनची भुकटी धुरळली. वाळूमाशी भिंतीच्या भेगांत राहते आणि तिथेच वाढते. तिला गाठायचे तर भेगेत शिरणारेच औषध हवे. विष घरात येताच कामा नये म्हणणाऱ्यांनी या दोन प्रसंगांचा विचार करावा. मुलाच्या जिवावर उठलेला आजार भिंतीच्या भेगेत वाढत असेल, तर त्या भेगेत भुकटी भरणे हे शहाणपणच आहे.

मग उंबरठ्यावरच्या जाड रेघेला हरकत काय? पहिली हरकत अशी की ती नीट काम करत नाही. जाड ढिगावरून चालायचे झुरळे आणि मुंग्या टाळतात, बाजूने वाट काढतात. पातळ थर त्यांना जाणवत नाही, म्हणून तोच अंगाला लागतो. भरपूर टाकली म्हणजे भरपूर मरतील, हा समज उलटा आहे. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. जमिनीवरची भुकटी जमिनीवर राहत नाही. सकाळी झाडू फिरला की ती हवेत उडते आणि झाडणाऱ्या बाईच्या नाकातोंडात जाते. रांगते मूल तीच जमीन हाताने चाचपते आणि हात तोंडात घालते. कोंबडी ती टिपते, मांजर तिच्यावरून चालून अंग चाटते. कीटकाला मारणारी क्रिया, म्हणजे अंगाला लागणे आणि मग तोंडात जाणे, हीच इथे घरातल्या दुबळ्या जिवांच्या बाबतीत घडते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषे मज्जातंतूंच्या निरोपात अडथळा आणतात. सौम्य बाधेत डोकेदुखी, मळमळ, घाम, थकवा जाणवतो, आणि ही सारी लक्षणे खानदेशात ऊन लागल्यावरही दिसतात. म्हणून ‘आम्ही वर्षानुवर्षे टाकतो, काही झाले नाही’ हा युक्तिवाद मला मान्य होत नाही. त्रास झाला तरी त्याचे खापर उन्हावर फुटत असेल, तर काही झाले नाही हे आपल्याला कळणार कसे?

भुकटी कोणती, या प्रश्नाचे उत्तर खानदेशात विशेष काळजीचे आहे, कारण इथे घराला शेत चिकटलेले असते. केळीच्या लागवडीत फोरेटचे दाणेदार औषध, गावच्या भाषेत थिमेट, वर्षानुवर्षे वापरले गेले. तेच उरलेले थिमेट मुंग्यांसाठी घराभोवती पडले आणि सापासाठी कुंपणाशीही; साप त्याने दूर राहतो याला भरवशाचा आधार नाही. फॉलिडॉलची भुकटी, बीएचसीची भुकटी यांचा प्रवासही असाच शेतातून घराकडे झाला. कायदा यांच्या बाबतीत टप्प्याटप्प्याने जागा झाला. शेतीतल्या डीडीटीवर १९८९ साली बंदी आली. बीएचसी १९९७ साली बंद झाले. ज्यापासून फॉलिडॉल भुकटी बनत असे ते मिथिल पॅराथिऑन आणि घरगुती किडींवर खूप वापरले गेलेले कार्बारिल, दोन्ही २०१८ साली बंद झाली. फोरेटला २०२० च्या अखेरीस पूर्णविराम मिळाला. पण बंदीचा कागद निघाला म्हणून माळ्यावरचा डबा रिकामा होत नाही, आणि सुटी पुडी बांधून विकण्याची सवयही जात नाही. पुडीवर नाव नसते, प्रमाण नसते, तारीख नसते. मूळ पाकिटावरचा रंगीत त्रिकोण तर ग्राहकापर्यंत पोचतच नाही. तो त्रिकोण लाल असेल तर औषध अत्यंत जहाल, पिवळा असेल तर जहाल, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर सौम्य. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे काहीही घरात वापरू नये, एवढा एक नियम जरी प्रत्येक घरी पाळला गेला तरी अर्धा धोका टळेल. शेतातल्या मात्रा शेतासाठी ठरतात. चार भिंतींच्या आत, माणसांच्या श्वासाशेजारी वापरायचे औषध वेगळेच असले पाहिजे.

भुकटीचा आणखी एक दोष आहे, जो द्रवरूप औषधात इतका नसतो: ती अन्नासारखी दिसते. पांढरी भुकटी पिठासारखी, मिठासारखी, दुधाच्या पावडरीसारखी दिसते. १९४२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या मनोरुग्णालयात झुरळांसाठी ठेवलेले सोडियम फ्लोराइड दुधाची पावडर समजून अंड्यांच्या पदार्थात मिसळले गेले आणि ४७ जण दगावले. आपल्याकडे १९५८ साली केरळात फॉलिडॉलबरोबर वाहतूक झालेल्या अन्नधान्यात विष मिसळून शंभरावर माणसे मेली. त्या दुर्घटनेनंतर चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे या देशातला कीटकनाशकांचा कायदाच मुळी अन्न आणि विष शेजारी ठेवल्याच्या चुकीतून जन्मला. तरीही आज स्वयंपाकघराच्या फडताळात, बिनझाकणाच्या डब्यात, रव्याच्या शेजारी मुंग्यांची पावडर सापडते. घरगुती वापराची प्रत्येक कीटकनाशक भुकटी गडद निळ्या किंवा हिरव्या रंगाचीच असावी, पांढरी असूच नये, असा नियम सरकारने करायला हवा. त्याला फार खर्च नाही, आणि ज्याला लेबल वाचता येत नाही त्यालाही तो रंग कळेल.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो: मग घरगुती, निरुपद्रवी उपाय वापरू, बोरिक पावडर तर कॅरमवर टाकतात आणि तांदळालाही लावतात. बोरिक आम्ल हे झुरळांवरचे खरोखर चांगले आणि तुलनेने सौम्य औषध आहे. फळीमागे, गॅसच्या ओट्यामागच्या सांदीत पातळ थर दिला तर ते दीर्घकाळ काम करते. पण सौम्य म्हणजे खाण्याजोगे नव्हे. मोठ्या मात्रेत ते लहान मुलांना घातक ठरते. युरोपात ते प्रजननाला अपाय करणाऱ्या पदार्थांत मोडते. सोंडे लागू नयेत म्हणून तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची आपल्याकडची सवय सोडलीच पाहिजे, मग तांदूळ शिजवण्याआधी कितीही वेळा धुतले जावोत. धान्यासाठी आपल्याकडे यापेक्षा चांगले मार्ग आहेत: वैशाखाच्या कडक उन्हात वाळवणे, हवाबंद कोठी, डाळींना एरंडेलाचा हात, कडुनिंबाचा वाळलेला पाला. पोथ्या आणि कपड्यांत वेखंड ठेवण्याची रीतही जुनी आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेल्या हस्तलिखितांसारखा ठेवा कसरीपासून वाचवायचा तर कोरडेपणा, स्वच्छता आणि नियमित पाहणी हाच पहिला उपाय. जगभरच्या संग्रहालयांत पूर्वी वस्तूंवर टाकलेल्या आर्सेनिक आणि डीडीटीच्या भुकट्या आज तिथे काम करणाऱ्यांनाच धोक्याच्या ठरल्या आहेत. ढेकणांवरही भुकटीपेक्षा उष्णता सरस: पन्नास अंशांच्या आसपासच्या तापमानात ढेकूण आणि त्यांची अंडी टिकत नाहीत. म्हणूनच झोपायच्या जागी विष टाकण्यापेक्षा बाजेच्या सांध्यांवर उकळते पाणी ओतणे चांगले.

डंख मारणाऱ्या कीटकांच्या बाबतीत तर जागा आणि ओळख यांवर सारे अवलंबून आहे. भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीत पोळे करणाऱ्या गांधीलमाश्या दाराजवळ असतील आणि घरात मुले असतील, तर भुकटी उपयोगी पडते. अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या परतल्यावर, जाणकाराने पूर्ण अंग झाकून पोकळीच्या तोंडाशी ती फुंकायची. येता-जाता माश्या स्वतःच ती आत नेतात. तोंड मात्र लगेच बुजवायचे नाही. बाहेरची वाट बंद झाली की माश्या घराच्या आतल्या बाजूने वाट शोधतात. छपराला उघडे लटकणाऱ्या पोळ्यावर भुकटीचा फारसा उपयोग नाही. आणि पोळे शेताच्या बांधावर, माणसांच्या वावरापासून लांब असेल तर त्याला हात लावायचे कारणच नाही, कारण गांधीलमाशी अळ्या पकडून आपल्या पिलांना भरवते आणि कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात ते फुकटचे साहाय्य आहे. आग्यामोहोळावर तर भुकटी कधीच नको. मधमाशीच्या अंगावरची लव पराग धरण्यासाठी असते, म्हणून भुकटीचे कणही ती तशीच धरते, परागाबरोबर पोळ्यात साठवते आणि अळ्यांना भरवते. फवाऱ्यापेक्षा भुकटी मधमाशीला अधिक घातक ठरते ती यामुळे. कांद्याच्या डोंगळ्यांचे बी, सूर्यफूल, वेलवर्गीय भाज्या या सगळ्यांना मधमाशी लागते. मोहोळ हलवायचेच असेल तर त्याचे शास्त्र आहे आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत १९६२ पासून या विद्येवर काम चालते. विंचवाचे वेगळे सांगायला हवे: त्याच्यावर या भुकट्यांचा भरवसा धरता येत नाही. दगड-लाकडांचे ढीग हटवणे, भेगा लिंपणे आणि झुरळांसारखे त्याचे खाद्य कमी करणे हाच त्याचा बंदोबस्त.

सर्वांत बळकट आक्षेप गरिबीचा आहे. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईने नळीच्या बाटल्या, मास्क आणि त्रिकोण कुठून सांभाळायचे? तिला पाच-दहा रुपयांची पुडी परवडते आणि ती टाकून ती झोपते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याचा निष्कर्ष मला उलटा दिसतो. फटीत भुकटी घालायला कमी भुकटी लागते, म्हणून खर्च कमी होतो, आणि लिंपलेली भेग पुढची कीडही थोपवते. महाग पडते ते अज्ञान, कारण दर आठ दिवसांनी नवी पुडी आणावी लागते आणि दवाखान्याचा खर्च वेगळा. शिवाय सततची ढिली उधळण किडीला विष पचवायला शिकवते. मलेरियाचेच पाहा: देशात १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण लाखावर आले. १९७६ साली ते पुन्हा ६४ लाखांवर गेले. त्याला पैशाची आणि औषधांची चणचण, यंत्रणेची शिथिलता अशी अनेक कारणे होती, पण डासांत आलेली प्रतिकारशक्ती हे त्यांतले एक मोठे कारण होते. हुकमी औषध असे बोथट झाले की त्याची किंमत गरिबालाच सर्वांत आधी मोजावी लागते.

म्हणून ही जबाबदारी एकट्या गृहिणीवर टाकून भागणार नाही. बोंडअळी आली तर शेतकऱ्याला विचारायला कृषी सहायक आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे. स्वयंपाकघरातल्या मुंग्यांसाठी विचारायला दुकानदाराशिवाय कोणी नाही, आणि दुकानदार जे खपते ते देतो. आशा सेविकेने पावसाळ्याआधी घरी येऊन भेगा दाखवाव्यात, भुकटीचा पातळ थर कसा द्यायचा ते करून दाखवावे, माळ्यावरची जुनी थिमेट आणि फॉलिडॉल वेगळी काढायला लावावी. ग्रामपंचायतीने ती गोळा करून नीट नष्ट करण्याची सोय करावी. सुटी पुडी विकणाऱ्यावर कारवाई व्हावी, आणि घरगुती भुकटीचे पाकीट रंगीत, मराठीत ठळक सूचना असलेले आणि मुलांना उघडता न येणारे असावे. यातले काहीही अशक्य नाही. जी यंत्रणा प्रत्येक घरी जाऊन पोलिओचे थेंब पाजू शकली, तिला भिंतीच्या भेगा मोजणे जड नाही. आपण भुकटीला घाबरायचे कारण नाही आणि तिच्यावर आंधळा भरवसा ठेवायचेही नाही. किडीच्या घरात तिला जागा द्यावी, माणसाच्या घरातून तिला बाहेर ठेवावे, आणि ही सीमा कुठे आहे हे प्रत्येक कुटुंबाला शिकवणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम आहे असे मानून ते सुरू करावे.